बर्फावरची सुटी : सोलंग, औली की गुलमर्ग?

मार्गशीर्ष सरत आला की पुण्यातील महाविद्यालयांच्या आवारांत एक ठराविक चर्चा सुरू होते. सत्रपरीक्षा आटोपलेल्या असतात, नाताळची सुटी तोंडावर आलेली असते, आणि चार-पाच मित्रमैत्रिणी मिळून यंदा बर्फात जावयाचे असा बेत ठरवू लागतात. पूर्वी असे बेत महाबळेश्वर-माथेरानपाशी थांबत. आता ते हिमालयापर्यंत जातात. बर्फ नुसता पाहून यावयाचे नाही, तर पायांना लांब, अरुंद फळ्या बांधून त्यावरून घसरत जावयाचे, म्हणजे स्कीइंग करावयाचे, अशी या तरुणांची हौस असते. हौस उत्तम आहे. परंतु ठिकाण ठरते ते बहुधा कोणा मित्राने दाखविलेल्या छायाचित्रावरून, आणि तारखा ठरतात त्या महाविद्यालयाच्या सुटीवरून. बर्फाचा विचार कोणी घेत नाही. त्यामुळे दोन हजार किलोमीटरांचा प्रवास करून, चिखल मिसळलेल्या बर्फात अर्धा तास धडपडून परत येणारे पुष्कळ निघतात. आणि स्कीइंग म्हणजे एवढेच, अशी समजूत ते बरोबर घेऊन येतात.

भारतात या खेळाची सोय असलेली ठिकाणे मुळात थोडी. शिमल्यापलीकडचे नारकंडा आहे, कुफरीचे नाव अजून घेतले जाते. परंतु पुण्याहून जाणाऱ्या तरुणापुढे खरी निवड तिघांतच असते. हिमाचल प्रदेशात मनालीजवळचे सोलंग, उत्तराखंडात जोशीमठाच्या माथ्यावरचे औली, आणि काश्मीरमधील गुलमर्ग. देखाव्याच्या दृष्टीने तिन्ही सुंदर आहेत, तेव्हा त्या बाबतीत तुलना करीत बसण्यात अर्थ नाही. तुलना करावयाची ती बर्फ किती व केव्हा पडतो, उतार कसा आहे आणि शिकविणारा कोण आहे, या बाबतीत.

प्रथम बर्फाविषयी. मराठीत उसाच्या रसात टाकावयाचा तोही बर्फ आणि आकाशातून पडतो तोही बर्फ. काश्मिरी माणूस मात्र आकाशातून पडणाऱ्या हिमाला 'शीन' असे वेगळे नाव देतो. हे हिम येते पश्चिमेकडून. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकत येणारी बाष्पयुक्त वातचक्रे, ज्यांस हवामानशास्त्रात पश्चिमी विक्षोभ म्हणतात, ती हिमालयाच्या पश्चिम टोकाला आधी भिडतात. पीर पंजालच्या रांगेवर ती आपला पुष्कळसा भार टाकतात. म्हणून या रांगेच्या कुशीतील गुलमर्गला हिमाचा वाटा मोठा मिळतो. तेथून पूर्वेला गढवालपर्यंत जाता जाता तो सामान्यतः घटत जातो. अक्षांशाचाही फरक आहे. गुलमर्ग ३४ अंशांवर, तर औली साडेतीस अंशांच्या आसपास. त्यामुळे औलीचा बर्फ उन्हाने लवकर ओला होतो आणि रात्री पुन्हा गोठून कठीण बनतो.

यांत काळाचा प्रश्न गुंतलेला आहे. काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासून पुढचे चाळीस दिवस 'चिल्ला-इ-कलान' म्हणून मोजतात. कडाक्याची थंडी ती हीच. परंतु थंडी सुरू होणे आणि उतारावर पुरेसा थर बसणे यांत अंतर असते. दगड, झुडपे व खाचखळगे बुजावयास हिमवर्षावाच्या अनेक फेऱ्या लागतात, आणि तसा भरवशाचा थर बहुधा जानेवारीच्या उत्तरार्धात बसतो. फेब्रुवारी हा तिन्ही ठिकाणी उत्तम महिना. म्हणजे पुण्याची नाताळची सुटी ज्या आठवड्यात येते, तो आठवडा गर्दीच्या दृष्टीने सर्वांत वाईट आणि बर्फाच्या दृष्टीने सर्वांत अनिश्चित असा असतो. अलीकडे तर फेब्रुवारीचीही शाश्वती उरलेली नाही. २०२३च्या फेब्रुवारीत औलीची राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाली. २०२४च्या जानेवारीत गुलमर्गचे कुरण महिनाअखेरीपर्यंत जवळजवळ उघडे होते. आणि २०२५मध्ये तेथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चपर्यंत पुढे ढकलाव्या लागल्या. ज्याला शिकावयाचेच आहे, त्याने नाताळचा मोह सोडून फेब्रुवारीत दोन आठवडे काढता येतील काय, हे आधी पाहावे. जमत नसेल, तर बर्फ पाहावयास जात आहो असे मनाशी स्पष्ट म्हणावे आणि आनंदाने जावे.

बर्फ पाहावयास जाणाऱ्यांसाठी सोलंग ठीक आहे. मनालीपासून ते तेरा-चौदा किलोमीटरांवर; दिल्लीहून रात्रीची मोटार धरली की सकाळी मनाली येते. उंची सुमारे साडेआठ हजार फूट, आणि राहण्याजेवण्याची सोय प्रत्येकाच्या खिशाला परवडेल अशी. ऑक्टोबर २०२०मध्ये नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून सोलंगला बर्फ नसला, तर पलीकडे लाहौलमध्ये तो शोधता येतो. परंतु येथील गर्दी ही खेळणाऱ्यांची नव्हे, हौसेची आहे. वाटेवर क्रमांक लावलेल्या दुकानांची रांग लागते. तेथे भाड्याचे अंगरखे व बूट अंगावर चढवावयाचे, आणि उताराच्या पायथ्याशी कोणी हात धरून शंभर पावले घसरवील त्याला पैसे द्यावयाचे. यात फसवणूक आहे असे नाही. जत्रेतील पाळण्यात बसण्याइतकाच तो निर्मळ आनंद आहे. मात्र त्याला शिक्षण म्हणता येत नाही.

शिक्षण हवे असेल तर तेही मनालीत आहे, पण ते वेगळ्या दारातून मिळते. १९६१मध्ये स्थापन झालेली आणि आज अटलबिहारी वाजपेयींच्या नावाने ओळखली जाणारी गिर्यारोहण संस्था हिवाळ्यात सोलंगच्या उतारांवर स्कीइंगचे वर्ग चालविते. या उतारांची योग्यता कमी लेखण्याचे कारण नाही. जवळच्याच बुरुआ गावच्या आंचल ठाकूर हिने जानेवारी २०१८मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळविले. आंतरराष्ट्रीय स्कीइंग स्पर्धेत भारताला मिळालेले ते पहिले पदक.

औलीची गोष्ट निराळी. बद्रीनाथच्या यात्रेला गेलेल्या पुणेकरांना जोशीमठ परिचयाचे आहे. औली त्याच्या डोक्यावर, सव्वाआठ हजारांपासून दहा हजार फुटांपर्यंत पसरलेले आहे. समोर नंदादेवी. उतार सलग, रुंद आणि झाडझाडोऱ्यातून मोकळे. नवशिक्याला भय वाटू नये आणि थोडे जमू लागल्यावर कंटाळाही येऊ नये, असे. गढवाल मंडल विकास निगम येथे सात व चौदा दिवसांचे वर्ग चालवीत आला आहे, आणि भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची स्कीइंगची संस्थाही येथेच आहे. गर्दी सोलंगपेक्षा पुष्कळ कमी. पहिल्यांदा शिकणाऱ्याला तिघांतून एकच ठिकाण सांगावयाचे झाले, आणि बर्फ पडला आहे अशी खात्री असली, तर औलीचे नाव घ्यावे.

परंतु ही 'असली तर' मोठी आहे. शिवाय जोशीमठ हे गावच संकटात सापडलेले आहे. जानेवारी २०२३मध्ये तेथील जमीन खचू लागली, शेकडो घरांना तडे गेले, आणि जोशीमठाहून औलीला जाणारा सुमारे चार किलोमीटरांचा रज्जुमार्ग थांबवावा लागला. ऋषिकेशपासून जोशीमठ अडीचशे किलोमीटरांवर. घाटाचा हा रस्ता पूर्ण दिवस खातो, आणि पुण्याहून निघणाऱ्याचे जाण्यायेण्यातच पाच-सहा दिवस जातात. आठ दिवसांच्या सुटीत औली बसविण्याचा खटाटोप करू नये.

आता गुलमर्ग. सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० फूट. गुलमर्गचे कुरण त्याच्या दुप्पट उंचीवर आहे, आणि तेथून खेळाला नुसता आरंभ होतो. ब्रिटिश अंमलदारांनी १९२७मध्ये येथे स्की क्लब ऑफ इंडिया काढला. पुढे १९४८मध्ये भारतीय सैन्याने आपली स्कीची शाळा येथे उघडली, आणि १९६८मध्ये केंद्र सरकारची स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आली. रज्जुमार्गाचा पहिला टप्पा १९९८मध्ये सुरू झाला. तो दहा हजार फुटांवरील कोंगडूरीपर्यंत नेतो. २००५मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, तेरा हजार फुटांच्या जवळ, नेऊन सोडतो. २०२२च्या बीजिंग येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक स्पर्धक आरिफ खान हा याच डोंगराच्या पायथ्याच्या टंगमर्गचा.

या एका डोंगरावर दोन अगदी भिन्न गुलमर्ग आहेत, हे तरुणांनी पक्के ध्यानात ठेवावे. खाली कुरणाच्या कडेला जे सौम्य उतार आहेत, ते पाळण्यातल्या पोराचे. येथे पडावयास, उठावयास, आणि फळ्यांची पुढची टोके जवळ आणून मागची फाकवून नांगरासारखा वेग रोखावयास शिकवितात. हा नांगर साधला की निम्मे काम झाले. बहुतेकांना त्याला तीन-चार दिवस लागतात. वर अफरवटवर मात्र घोटीव वाटा नाहीत. तेथे कोरड्या पिठासारखे खोल हिम असते, आणि त्यासाठी परदेशातून निष्णात खेळाडू येतात. नवशिक्याने तेथे रज्जुमार्गाने जावे, बर्फाच्छादित शिखरे पाहावीत, आणि रज्जुमार्गानेच खाली यावे. पुण्याहून पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी तेही करू नये. १,८०० फुटांवर राहणाऱ्या देहाला तेरा हजार फुटांवरच्या हवेत दम लागतो.

ज्यांना थोडेसे जमू लागले आहे, त्यांच्यासाठी खरा धोका हिमस्खलनाचा. ताज्या हिमाचा थर खालच्या जुन्या थराला नीट चिकटलेला नसला, तर एका माणसाच्या भाराने सबंध उतार सुटतो. फेब्रुवारी २०१०मध्ये गुलमर्गजवळ खिलनमर्गला सैन्याच्या प्रशिक्षणशाळेचे सतरा जवान अशाच लोंढ्याखाली गेले. बर्फाची विद्या हाच ज्यांचा व्यवसाय, अशी ती माणसे होती. म्हणून गस्ती पथकाने बंद केलेल्या उतारावर दोरी ओलांडून जाणे, यास धाडस हा शब्द वापरू नये.

काश्मीरचा विषय निघाला की पुण्यातील घरात आणखी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळण्याजोगा नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरण येथे २६ जणांची हत्या झाली. त्यांत पुण्याचे दोघे होते. त्यानंतर अनेक स्थळे बंद झाली व टप्प्याटप्प्याने उघडली. ज्या आईवडिलांचे मन मुलामुलींना तिकडे धाडावयास धजत नाही, त्यांना भित्रे ठरविणे हा उद्धटपणा होईल. गुलमर्ग वेगळ्या खोऱ्यात आहे एवढे सांगून त्यांचे समाधान व्हावयाचे नाही. कोणत्या संस्थेच्या वर्गात नाव घातले आहे, मुक्काम कोठे आहे, श्रीनगरहून नेणारी मोटार कोणाची, रोज कोणत्या वेळी घरी फोन येईल, हे सारे कागदावर मांडून दाखविल्यास बोलणे पुढे सरकण्याचा संभव असतो. तरीही नकार आला, तर सोलंगची संस्था आहेच.

प्रवासाचे थोडक्यात. पुण्याहून झेलम एक्सप्रेस दोन रात्रींत जम्मूला पोहोचते. जून २०२५पासून कटरा ते श्रीनगर रेल्वेही धावू लागल्याने, हिमवर्षावात वारंवार बंद पडणाऱ्या महामार्गावरच विसंबण्याचे कारण उरले नाही. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नास किलोमीटर. त्यांतील टंगमर्गपुढची तेरा किलोमीटरांची चढण, रस्त्यावर बर्फ असला म्हणजे, चाकांना साखळ्या बांधलेल्या स्थानिक गाडीनेच करावी लागते.

खर्चाचा हिशेब पुष्कळजण उलटा मांडतात. संस्थेच्या वर्गाचे शुल्क एकरकमी असल्याने मोठे दिसते. परंतु राहणे, जेवण, फळ्या-बूट आणि शिक्षक हे सर्व त्यात बहुधा येते. हेच सुटे घेत गेल्यास पाच दिवसांतच तेवढी रक्कम खर्ची पडते, आणि शिक्षक रोज बदलतो. वर्गांना वयाची अट व वैद्यकीय दाखला लागतो, आणि जागा लवकर भरतात. तेव्हा अर्ज दिवाळीपूर्वीच करणे बरे. विमा काढताना त्यात बर्फावरील खेळ धरले आहेत काय, हे वाचून घ्यावे. साध्या प्रवासविम्यात ते पुष्कळदा वगळलेले असतात.

तयारी मात्र पुण्यातच होऊ शकते. दर रविवारी सिंहगड चढणारांना वाटते, आपले पाय तयार आहेत. चढण्याने दम वाढतो हे खरे. पण स्कीइंगमध्ये गुडघे वाकवून मांड्यांवर भार तोलावयाचा असतो, आणि त्याला चढण्यापेक्षा सावकाश उतरण्याचा सराव अधिक उपयोगी पडतो. कपड्यांत सुती विजार पूर्णपणे वर्ज्य. ती भिजते आणि वाळत नाही. आत लोकर, बाहेर पाणी न शिरणारे आवरण, डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर शिरस्त्राण.

आणि बूट. भाड्याचे बूट सकाळच्या घाईत न घेता आदल्या संध्याकाळी, एकच जाड मोजा घालून, पारखून घ्यावेत. ताठ उभे राहिले असता अंगठा पुढे किंचित टेकावा आणि गुडघा वाकविताच तो मागे सरावा. टाच मात्र जागची हलता कामा नये. दुकानदार सैल बूट पुढे करील आणि दोन मोजे घालावयास सांगेल. त्याचे ऐकू नये.