एका शब्दाची किंमत तीन कोटी डॉलर!

'आवाज' हा शब्द तुम्ही रोज कितीतरी वेळा वापरता. त्याबद्दल आजवर कोणी तुमच्याकडे पैसे मागितले आहेत काय? नाही ना! शब्द सर्वांचे असतात. असे असूनही २०१९ साली अमेरिकेत 'मायक्रोस्ट्रॅटेजी' या कंपनीने 'व्हॉइस', म्हणजे आवाज, या साध्या इंग्रजी शब्दाला '.कॉम' हे शेपूट जोडलेले नाव तब्बल तीन कोटी डॉलरना विकले. त्या वेळच्या दराने हे दोनशे कोटी रुपयांहून अधिक होतात. या सौद्यात ना कारखाना होता, ना यंत्रे, ना जमिनीचा तुकडा. विकले गेले ते फक्त एक नाव. हा वेडेपणा म्हणावा की हिशेब? चला, पाहू या.

आकड्यांना नावे कशी मिळाली?

इंटरनेटवर संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. उदाहरणार्थ, १९२.०.२.४५. असे आकडे माणसाच्या लक्षात राहणे कठीण. म्हणून सुरुवातीच्या काळात कोणत्या नावाचा कोणता आकडा, याची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई. संगणक वाढले तशी ही यादी सांभाळणे अवघड झाले. तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस या शास्त्रज्ञाने नवी व्यवस्था आखली. तिचे नाव 'डोमेन नेम सिस्टिम'.

ती कशी चालते? पाकिटावरचा पत्ता आठवा. टपालखाते तो खालून वर वाचते. आधी राज्य, मग जिल्हा, मग गाव आणि शेवटी घर. संगणकही नाव शेवटाकडून वाचतो. आधी '.कॉम'च्या नोंदवहीकडे चौकशी होते, मग त्यातल्या नेमक्या नावाकडे, आणि अखेर आकडा हाती येतो. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते.

यातील महत्त्वाची अट अशी की, एका नोंदवहीत एक नाव एकदाच लिहिता येते. एकाच नावाची दोन माणसे एका गावात सुखाने राहतात. येथे मात्र तशी सोय नाही. जो आधी येईल, त्याची नोंद. '.कॉम'मधील पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी 'सिंबॉलिक्स' या संगणक कंपनीने नोंदवले. त्या काळी नोंदणीला पैसेही पडत नसत. १९९५ च्या सप्टेंबरपासून दोन वर्षांसाठी शंभर डॉलर शुल्क सुरू झाले.

नावे अगणित, शब्द मोजके

आता थोडे गणित करू. इंग्रजी अक्षरे २६. दोन अक्षरांची नावे होतील २६ × २६ = ६७६. तीन अक्षरांची १७,५७६, चार अक्षरांची ४,५६,९७६ आणि पाच अक्षरांची १,१८,८१,३७६. नावाचा एक भाग ६३ अक्षरांपर्यंत लांब चालतो. म्हणजे नावांचा तुटवडा कधीच पडणार नाही. मग किंमत का चढते?

कारण त्यातली बहुतेक नावे अर्थहीन असतात. उच्चारायला सोपा, ऐकून बिनचूक लिहिता येणारा आणि एखाद्या धंद्याचेच नाव असलेला शब्द फार विरळा. विमा, कर्ज, प्रवास, घरे, औषधे यांसाठी लोकांच्या तोंडी असलेले शब्द असे कितीसे असणार? त्या प्रत्येकाला '.कॉम'च्या वहीत एकच ओळ आहे. हे ज्यांनी लवकर ओळखले, त्यांनी ती नावे घेऊन ठेवली. 'बिझनेस.कॉम' हे नाव १९९७ साली दीड लाख डॉलरना विकले गेले. दोनच वर्षांनी ते ७५ लाख डॉलरना पुन्हा विकले गेले. किती पट झाले, ते तुम्हीच काढा!

व्यापारी एवढे पैसे का देतो?

समजा, एक विमा कंपनी जाहिरात करते आणि जाहिरातीतून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यामागे तिचा २० रुपये खर्च होतो. एखाद्या सोप्या नावामुळे महिन्याला १,००० लोक आपण होऊन तेथे आले, तर महिन्याला २०,००० आणि वर्षाला २,४०,००० रुपये वाचतील. पाच वर्षांत बारा लाख! मग त्या नावाला दहा लाख मोजणे वेडेपणाचे ठरेल काय? याउलट, ज्याचा विम्याशी संबंधच नाही, त्याला तेच नाव दरवर्षीच्या शुल्काचा बोजा वाटेल. नाव तेच, पण किंमत घेणाऱ्याच्या गरजेप्रमाणे बदलते.

कधी कधी भीतीही किंमत वाढवते. सुट्टीसाठी घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या 'होमअवे' कंपनीने २००७ साली 'व्हेकेशनरेंटल्स.कॉम' हे नाव साडेतीन कोटी डॉलरना घेतले. ते प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू नये, हाच त्यामागे हेतू होता, असे कंपनीच्या प्रमुखांनी पुढे सांगितले.

म्हणून नावे विकणारा हुशार माणूस वाटेल त्याच्या दारी जात नाही. तो त्या धंद्यातल्या कंपन्यांची यादी करतो. त्याच शब्दावर जाहिरात कोण करते, तोच शब्द लांबलचक नावात कोण वापरते, हे पाहतो आणि मग बोलणी करतो. सौदा ठरला, की पैसे मध्यस्थाकडे ठेवतात. विकणारा एक गुप्त संकेत देऊन नाव हस्तांतरित करतो. घेणाऱ्याला ते मिळाले, की मध्यस्थ पैसे मोकळे करतो. या पद्धतीला 'एस्क्रो' म्हणतात. दोघे कधी भेटले नाहीत तरी फसवणुकीचा धोका बराच कमी होतो.

मालकी की भाडे?

एक गोष्ट ध्यानात घ्या. कोटी डॉलर देऊनही नाव कायमचे आपले होत नाही. नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची असते आणि मुदत संपण्याआधी ती वाढवावी लागते. विसरलात तर नाव हातचे जाऊ शकते!

शिवाय कोणतेही नाव विकता येते असेही नाही. 'साबण' हा शब्द सर्वांचा. पण एखाद्या कंपनीच्या साबणाचे खास नाव आधीच अडवून ठेवायचे आणि तिच्याकडूनच पैसे उकळायचे, हा गैरप्रकार आहे. अशा तंट्यांसाठी १९९९ साली आंतरराष्ट्रीय नियम झाले. त्याच वर्षी आपल्या मुंबई उच्च न्यायालयापुढे 'रेडिफ' आणि 'रॅडिफ' या नावांचा तंटा आला. इंग्रजीत फरक एकाच अक्षराचा! लोकांची दिशाभूल होईल म्हणून न्यायालयाने 'रेडिफ'च्या बाजूने कौल दिला.

नाव म्हणजे दुकान नव्हे

'पेट्स.कॉम' हे पाळीव प्राण्यांच्या खाद्याचे दुकान घ्या. याहून चांगले नाव कोठले मिळणार? फेब्रुवारी २००० मध्ये त्या कंपनीचे शेअर बाजारात आले आणि नोव्हेंबरमध्ये दुकान बंद पडले. मिळकतीपेक्षा खर्च जास्त होता. नाव काय करणार? पुढे २०१२ साली गूगलनेही ठरवले की, नावात शोधाचा शब्द आहे एवढ्यावर निकृष्ट संकेतस्थळांना वरची जागा द्यायची नाही. तेव्हापासून नुसत्या शब्दाची जादू कमी झाली. विश्वास आणि आठवण यांचे मोल मात्र राहिले.

ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीतही '.भारत'ने संपणारी नावे मिळू लागली. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी अशा आठ भाषांसाठी ती एकच वही आहे. आता विचार करा, 'पुस्तक' हा शब्द यांतल्या किती भाषांत आहे? आणि ओळ मात्र एकच!

वर्गात करून पाहा: प्रत्येकाने मिठाईच्या दुकानासाठी एकेक नाव चिठ्ठीवर लिहून फळ्याजवळ द्यावे. आधी आलेले नाव फळ्यावर चढेल; तेच नाव पुन्हा आले, तर दुसरे शोधावे लागेल. मग प्रत्येकाला शंभर खोटे रुपये द्या आणि फळ्यावरच्या नावांचा लिलाव करा. कोणत्या नावाला सर्वांत जास्त बोली लागली आणि का, ते वहीत लिहून ठेवा.