रीळ जपा, खोकाही जपा!

'हौसेला मोल नसते' असे आपण म्हणतो. ते हौस करणाऱ्यापुरते खरे आहे. हौसेची वस्तू विकायची वेळ आली की मात्र मोल ठरतेच, आणि बहुधा ते ठरवण्याची वेळ आपल्या पश्चात बायकामुलांवर येते. म्हणून या वेळी माझ्याच छंदाचा हिशोब मांडतो आहे.

एडिनबरात आल्यापासून मी मासेमारीची जुनी रिळे जमवतो. गळाच्या काठीला लावून दोरी गुंडाळायची ही चक्रे. त्यांची पंढरी इथून फार दूर नाही. नॉर्थंबरलंडमधल्या अॅनिक गावी हार्डी बंधूंनी 1872 मध्ये धंदा सुरू केला. त्यांचे 'परफेक्ट' हे बॉल-बेअरिंगचे रीळ 1890 च्या सुमारास बाजारात आले आणि जगभर गेले. इकडे पर्थच्या मॅलक यांनी 1884 मध्ये बाजूला वळवून दोरी फेकता येईल अशा रिळाचे पेटंट घेतले.

आता मुद्द्याची गोष्ट. पितळेचे किंवा अॅल्युमिनियमचे रीळ शंभर वर्षे सहज टिकते. पुठ्ठ्याचा खोका, चामड्याची पेटी आणि माहितीपत्रक मात्र लोक टाकून देतात. म्हणूनच मूळ खोक्यासह मिळणारा संच दुर्मिळ असतो आणि त्याला भावही जास्त येतो. आमच्या शेजारच्या आजोबांच्या पश्चात त्यांच्या मुलीने रिळे बाजूला काढली आणि 'रिकामे खोके' कचऱ्याच्या पिशवीत भरले. मी वेळेवर पोचलो म्हणून ते वाचले. त्यांचा उलगडा करून सांगणारे माणूसच घरात उरले नव्हते.

घेताना हे पाहावे:

1. खोक्यावरच्या चिठ्ठीतले नाव व माप रिळाशी जुळते का? एकाचा खोका दुसऱ्याला लावून विकण्याचे प्रकार होतात.
2. काठीवर बसणारा रिळाचा पाय कानशीने घासलेला नाही ना? घासला असेल तर किंमत उतरते.
3. मूळची काळसर झिलई शाबूत आहे का? देवघरातल्या समईसारखे रीळ घासूनपुसून लखलखीत करू नये. मऊ कापड आणि थेंबभर हलके तेल पुरे.
4. जुनी दोरी काढून वेगळी ठेवावी. ती ओल धरते. खोके पोटमाळ्यावर किंवा दमट तळघरात नकोत.

आता पैशाचा हिशोब. समजा, लिलावात बोली 400 पौंडांवर थांबली. खरेदीदाराचे शुल्क 25 टक्के धरले तर 100 पौंड, त्यावर 20 टक्के व्हॅट म्हणजे 20 पौंड. एकूण 520 पौंड. उद्या तेच रीळ पुन्हा 400 ला गेले आणि विक्रीचे कमिशन 15 टक्के अधिक व्हॅट असेल, तर 72 पौंड कापून हातात 328 येतील. म्हणजे 192 पौंडांचा खड्डा! नुसते मुद्दल सुटायला बोली सुमारे 634 पौंडांवर जायला हवी. तेव्हा छंद जरूर करा, पण त्याला पेन्शन समजू नका. पेन्शन आणि आयसाचे हप्ते भरून उरलेल्या पैशातच ही हौस बसवावी.

कराबाबत: अशी एखादी वस्तू 6,000 पौंडांपर्यंत विकली तर साधारणपणे भांडवली नफा कर लागत नाही. पण सतत घेऊन विकत राहिलात तर तो धंदा ठरू शकतो. घराच्या विम्यात एका वस्तूसाठी किती रकमेची मर्यादा आहे, तेही पाहून ठेवा.

आरोग्याचीही एक सूचना. जुन्या सामानाच्या डब्यात बरेचदा शिशाच्या बारीक गोळ्या असतात. या देशात 1987 पासून शिशाच्या बहुतेक लहान वजनांच्या विक्रीवर बंदी आहे, पण जुने डबे अजून फिरतात. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. डबा मुलांच्या हाती देऊ नका आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवा. गोळ्या घरच्या कचऱ्यात न टाकता नगरपालिकेच्या पुनर्वापर केंद्रात विचारून द्या.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. एका वहीत प्रत्येक रिळाचे नाव, माप, खरेदीची तारीख, किंमत आणि त्याचा खोका कोणता, हे लिहा. सोबत फोटो आणि पावती ठेवा. वही मृत्युपत्राच्या कागदांबरोबर असू द्या आणि ती कुठे आहे हे घरात सांगा. माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर मराठीत ठळक लिहिले आहे: 'रिकामे खोके टाकू नयेत.'

तुमच्याकडे रिळे नसतील, पण जुनी घड्याळे, कॅमेरे किंवा नाणी असतील. हिशोब तोच आहे.