जपानात शिकवायला जाण्याआधी मालक पारखून घ्या

तीन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस एका गावी सोयाबीनच्या उगवणशक्तीची चाचणी दाखवायला गेलो होतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे आणि आठवड्याने कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर बियाणे पेरणीजोगे. कार्यक्रम आटोपला आणि ज्यांच्या ओसरीवर बसलो होतो ते आप्पा हळूच म्हणाले, "साहेब, आणखी एक बियाणं तपासायचं आहे. जरा आत चला."

आत त्यांची धाकटी मुलगी कागद घेऊन बसली होती. मुलगी इंग्रजीत एम.ए., बी.एड., आणि तालुक्याच्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकवत होती. शहरातल्या एका एजंटाने तिला जपानात इंग्रजी शिक्षिकेची नोकरी देऊ केली होती. त्यासाठी पाच लाख रुपये द्यायचे, त्यातले निम्मे आगाऊ. आप्पांनी ओढ्याकाठचा एकर गहाण टाकायचे मनात पक्के केले होते. मी कागद दोनदा वाचला. त्यात नोकरीचा उल्लेखच नव्हता! ते जपानी भाषा शिकवणाऱ्या एका शाळेचे प्रवेशपत्र होते. मुलगी म्हणाली, "काका, तिथं गेल्यावर शिकवायचं काम मिळेल असं ते म्हणतात."

मी पडलो शेतीचा माणूस. पण एकराचा प्रश्न होता, म्हणून चौकशीला लागलो. तिथे शिकवणाऱ्या आपल्या माणसांना पत्रे लिहिली, नियम समजून घेतले. त्यातून जे कळले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो. ज्या घरात शिकलेली मुले-मुली आहेत, त्या घरात आज ना उद्या हा प्रश्न येणारच आहे.

काम खरे आहे

जपानात इंग्रजी शिकवणाऱ्यांना काम आहे, यात खोटे काही नाही. 2020 सालापासून तिथल्या प्राथमिक शाळांत पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला आणि तिसरी-चौथीला इंग्रजीचा परिचय सुरू झाला. वर्ग जपानी गुरुजींचाच असतो. परदेशी माणूस साहाय्यक शिक्षक म्हणून त्यांच्या जोडीला उभा राहतो. शिवाय खाजगी संभाषणवर्ग गावोगाव आहेत. त्यांना तिकडे 'एइकाइवा' म्हणतात. हे वर्ग बहुधा दुपारनंतर रात्रीपर्यंत चालतात आणि शनिवार-रविवारीही भरतात.

नोकरी देणारे कोण?

पहिला मालक सरकारी. 1987 साली सुरू झालेल्या 'जेट' योजनेत शिक्षकाला तिथली स्थानिक संस्था स्वतः नेमते. करार एक वर्षाचा असून वाढत वाढत जास्तीत जास्त पाच वर्षे होतो. जाण्या-येण्याचे विमानभाडे योजनेतून मिळते. अर्ज जपानच्या दूतावासामार्फत करायचा, मध्ये एजंटाला जागाच नाही. मात्र भारतातून फार थोडे घेतले जातात, म्हणून त्या वर्षी अर्ज मागवले आहेत का, हे दूतावासातच विचारावे.

दुसरा मालक म्हणजे तिथले शिक्षण मंडळ किंवा एखादी शाळा. मधला माणूस नसल्याने ही नोकरी चांगली, पण या जागा बहुधा आधीपासून जपानात राहणाऱ्यांना मिळतात. टोकियोत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळाही आहेत आणि त्यांना आपल्याकडचे शिक्षक लागतात. बी.एड. झालेल्यांनी तेही दार ठोठावून पाहावे.

तिसरा मालक माणसे पुरवणारी कंपनी. शिक्षण मंडळ कंपनीला ठेका देते आणि कंपनी शिक्षक पाठवते. काम शाळेत, पगार कंपनीचा. आपल्याकडच्या कंत्राटी कामासारखाच हा प्रकार आहे. काही कंपन्या नीट वागतात, काही हात आखडता घेतात. सुटीच्या महिन्यांत पगार कापणे ही त्यांतल्या अनेकांची रीत आहे.

चौथे, खाजगी वर्गवाले. यांत मोठे आहेत तसे एका खोलीत वर्ग चालवणारेही आहेत.

आधी आपली पात्रता पाहा

ही गोष्ट एजंट सांगत नाहीत. शाळेत शिकवण्यासाठी जो 'शिक्षक' परवाना लागतो, त्यात परकी भाषा शिकवणाऱ्याचे स्वतःचे बारा वर्षांचे शिक्षण त्या भाषेतून झालेले असावे अशी अट आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलामुलींना ही अट अवघड जाते. त्यात त्यांचा दोष काही नाही, पण पैसे भरण्यापूर्वी हे कळलेले बरे. खाजगी वर्गांचा परवाना वेगळा असतो आणि त्याला पदवी लागते. तरी तिथलेही मालक बहुधा इंग्रजी माध्यमाचीच चौकशी करतात. खोटे दाखले जोडून गेलेल्याचे पुढे काय होते, हे सांगायला नको.

कागद कोण काढतो?

चांगल्या मालकाची पहिली खूण म्हणजे कागदाचे काम तो स्वतः करतो. जपानातल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत तो उमेदवारासाठी पात्रतेचे प्रमाणपत्र मागतो आणि ते आपल्याकडे पाठवतो. ते घेऊन आपण दूतावासात किंवा मुंबईच्या वकिलातीत व्हिसाला अर्ज करायचा. "आधी पर्यटक म्हणून या, मग पाहू," असे म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये. त्या व्हिसावर काम करणे हा गुन्हा आहे. विद्यार्थी म्हणून गेल्यास वेगळी परवानगी काढून आठवड्याला 28 तासच काम करता येते. तेवढ्यात शाळेची फी, खोलीचे भाडे आणि पोट भागवून घरी पैसे पाठवायचे, हे गणित जमत नाही. आप्पांच्या मुलीच्या हाती होता तो कागद याच जातीचा.

करारपत्र दिव्याखाली धरा

जपानी कायद्याप्रमाणे मालकाने कामाच्या अटी लेखी द्याव्या लागतात. त्या मिळेपर्यंत इथली नोकरी सोडू नये. अटी वाचताना पुढील प्रश्न विचारावेत:

1. आठवड्याचे तास किती? नुसते शिकवण्याचे, की शाळेत थांबण्याचेही? अनेक करारांत साडेएकोणतीस तास लिहिलेले असतात. तीस तासांच्या आसपास विम्याचे बंधन लागू होत असे, ते टाळण्यासाठी ही युक्ती निघाली. ऑक्टोबर 2024 पासून एक्कावन किंवा अधिक कामगार असलेल्या कंपनीत, बाकी अटी बसल्या तर, आठवड्याला वीस तास काम करणाऱ्यालाही हा विमा द्यावा लागतो. म्हणून आरोग्य आणि निवृत्तिवेतन विमा आहे की नाही, हे स्पष्ट विचारावे. विमा असला म्हणजे औषधोपचाराच्या खर्चाचा साधारण तीस टक्केच भार आपल्यावर येतो.

2. ऑगस्ट, डिसेंबर आणि मार्चमध्ये पगार पूर्ण की कापून? वर्षाची बेरीज करूनच पगार मोजावा.

3. पहिला पगार कोणत्या तारखेला? महिना-दीड महिना हातात काही पडत नाही, तोवरचा खर्च जवळ हवा. भाड्याच्या घराला अनामत लागते, शिवाय पुष्कळ ठिकाणी परत न मिळणारी 'रेइकिन' नावाची रक्कमही घरमालकाला द्यावी लागते.

4. मध्येच नोकरी सोडल्यास दंड लिहिला आहे का? जपानच्या कामगार कायद्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे असा दंड करारात घालताच येत नाही. घालणारा मालक कसा असेल, हे त्यावरूनच ओळखावे.

5. सहा महिने नियमित काम केल्यावर पूर्णवेळ कामगाराला दहा दिवसांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. करारात ती दिसते का?

आणि पासपोर्ट व परदेशी रहिवाशाचे ओळखपत्र कोणाच्याही हवाली करू नये. ते सांभाळायला मागणाऱ्याला हात जोडावेत.

मोठे नाव म्हणजे खात्री नव्हे

'नोव्हा' ही जपानातली सर्वांत मोठी संभाषणवर्गांची कंपनी होती. विद्यार्थी लाखांनी, परदेशी शिक्षक चार हजारांवर. विद्यार्थ्यांकडून मोठ्या रकमा आगाऊ घेऊन परत देताना खळखळ केली, म्हणून जून 2007 मध्ये सरकारने तिच्या काही व्यवहारांवर सहा महिन्यांची बंदी घातली. पुढे पगार उशिरा होऊ लागले, आणि ऑक्टोबर 2007 मध्ये कंपनी बसली. शिक्षकांच्या पगारातून घरभाडे कापले जात होते, पण काही ठिकाणी ते घरमालकापर्यंत पोचलेच नव्हते. पगारही नाही आणि डोक्यावरचे छप्परही जाण्याची वेळ, अशी कित्येकांची गत झाली. पुढे दुसऱ्या मालकाने त्या नावाने वर्ग चालू केले, पण तेव्हाच्या शिक्षकांचे हाल व्हायचे ते झालेच.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. नोकरी आणि घर एकाच मालकाच्या हाती असेल, तर दोन महिन्यांचा खर्च जवळ ठेवावा. आणि पगाराची तारीख एकदा चुकली तर कारण विचारावे, दुसऱ्यांदा चुकली तर तिथल्या कामगार तपासणी कचेरीत जावे. परदेशी माणसाची तक्रारही तिथे घेतली जाते. कंपनी बुडाल्यास थकलेल्या पगाराचे ठरावीक मर्यादेपर्यंत ऐंशी टक्के सरकारकडून मिळण्याची सोय 1976 च्या कायद्याने केली आहे.

पैसे मागणारा समोर आला तर

परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या एजंटाला आपल्या 1983 च्या कायद्याखाली नोंदणी लागते. त्याने घ्यायच्या शुल्काला नियमांनी मर्यादा घातली आहे: तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, तेही पावती देऊन. नोंदणी क्रमांक मागावा आणि परराष्ट्र खात्याच्या 'ई-मायग्रेट' यादीत ताडून पाहावा. मुंबईला प्रवासी संरक्षकांची कचेरी आहे, तिथेही विचारता येते. चार-पाच लाख मागणाऱ्याला फक्त नोंदणी क्रमांक विचारा. बहुतेक तो पुन्हा फोन करत नाही. आप्पांच्या एजंटाचे असेच झाले.

मुलगी मात्र खचली नाही. सुदैवाने तिचे शिक्षण पहिलीपासून इंग्रजी माध्यमात झाले होते. वर्षभर तिने पुण्याला जपानी भाषेचा वर्ग केला आणि स्वतःच अर्ज पाठवले. दोन मालकांनी तिचे प्रश्न वाचून उत्तरच दिले नाही. तिसऱ्याने एकेका प्रश्नाचे लेखी उत्तर दिले आणि सुटीच्या महिन्यात पगार थोडा कापला जाईल, हेही आपणहून कळवले. आप्पा म्हणाले, "वाईट गोष्ट आधी सांगतो, तो माणूस बरा." तिने तीच नोकरी घेतली.

आज ती उत्तरेकडच्या एका छोट्या गावात तीन शाळांना जाते. मागच्या हिवाळ्यात बर्फाने तीन दिवस वाट अडली होती, आणि एकटेपणा फार जाणवतो, असे तिने लिहिले होते. ही बाजूही मुलांना सांगून पाठवावे. पण पगार ठरल्या तारखेला जमा होतो. आणि ओढ्याकाठचा एकर आप्पांच्याच नावावर आहे. यंदा त्यात सोयाबीन आहे. पेरणीआधी शंभर दाणे गोणपाटावर मांडले होते, असे त्यांनी मला आवर्जून सांगितले.