एकच संदेश, तीन शेते

जूनचे दिवस डोळ्यांसमोर आणा. दोन चांगल्या सरी पडून गेल्या आहेत, जमिनीला वापसा आला आहे आणि गावातल्या प्रत्येक शेतकऱ्यापुढे एकच प्रश्न आहे : आज पेरावे की थांबावे? तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजतो. हवामानाचा सल्ला आलेला असतो. एक शेतकरी तो वाचून तिफण बांधावरच ठेवतो, दुसरा वाचूनही पेरायला लागतो. आपण लगेच म्हणतो, "आमचे शेतकरी विज्ञानाचे ऐकत नाहीत." हा शेरा पूर्वी मीही मारीत असे. आज तो गणिताने तपासून पाहू.

समजा, एक एकर सोयाबीनच्या पेरणीस बी, खत व मजुरी मिळून ६,००० रुपये लागतात. (आकडे हिशेबापुरते घेतले आहेत; तुम्ही आपल्या गावचे घालून पाहा.) पेरल्यावर पावसाने ओढ दिली तर बी वाया जाते आणि दुबार पेरणी करावी लागते. उलट, पेरणी लांबली की उत्पन्न घटते. ती घट २,००० रुपये धरू. म्हणजे थांबणाऱ्याचे २,००० रुपये गेलेच. आज पेरणाऱ्याचे, पाऊस टिकला तर काहीच जात नाही. ओढ बसली तर मात्र ६,००० अधिक उशिराचे २,००० असे ८,००० जातात.

आता संदेशात ओढ बसण्याची शक्यता २० टक्के सांगितली आहे. पेरणाऱ्याचे सरासरी नुकसान ८,०००चा पाचवा हिस्सा, म्हणजे १,६०० रुपये. हे २,०००पेक्षा कमी, तेव्हा पेरावे. शक्यता ४० टक्के असती तर ३,२०० झाले असते, तेव्हा थांबावे. सीमारेषा २,००० भागिले ८,०००, म्हणजे २५ टक्क्यांवर येते.

पण शेजारच्या शेतकऱ्याकडे दुबार पेरणीला पैसा नाही. तो उसनवारी करणार, व्याज भरणार. त्याचे नुकसान १२,००० धरा. त्याच २० टक्क्यांना त्याचा हिशेब २,४०० येतो. त्याने थांबावे! तिसऱ्याकडे विहीर आणि तुषार संच आहे. ओढ बसली तरी १,५०० रुपयांत दोन पाणी देऊन तो पीक वाचवितो. संदेश काहीही म्हणो, तो पेरणारच. संदेश एकच, शेते तीन, आणि तिघेही बरोबर.

अर्थात हा हिशेब करायला संदेशात आकडा हवा. पुष्कळदा तेथे शब्द असतात. "तुरळक ठिकाणी पाऊस" म्हणजे हवामान खात्याच्या लेखी त्या भागातील फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. "काही ठिकाणी" म्हणजे २६ ते ५० टक्के. हे किती जणांना ठाऊक असते? (मी एकदा वर्गात विचारले होते. एकही हात वर झाला नाही.)

दुसरी अडचण अंतराची. अंदाजाचे गणित करताना संगणक नकाशाचे चौकोन पाडतो. पूर्वी त्याची बाजू १२ किलोमीटर होती, म्हणजे एका चौकोनात सुमारे ३५ हजार एकर. मे २०२५ मध्ये भारतीय हवामान खात्याने ६ किलोमीटरचे चौकोन वापरणारी प्रणाली सुरू केली. तरी एका चौकोनात ९ हजार एकर उरतातच. त्यात काकांचे दोन एकर कोठे? शेजारच्या शिवारात पाऊस आणि आपले शेत कोरडे, असे झाले की संदेशावरचा विश्वास उडतो. जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातील शेतकऱ्यांनी तर पावसाचा अंदाज चुकला म्हणून हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती.

२०२५च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना पावसाळा आपल्या भागात केव्हा लागेल याचे अंदाज मोबाइलवर पाठविले. ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने, १२५ वर्षांच्या पावसाच्या नोंदी वापरून तयार केले होते. त्या वर्षी मान्सून लवकर आला आणि मग वाटेतच सुमारे २० दिवस थबकला. अंदाजात ही खोळंबणूक आधी दिसली होती. नंतर मध्य प्रदेश व बिहारमध्ये दूरध्वनीवरून पाहणी झाली, तेव्हा ३१ ते ५२ टक्के शेतकऱ्यांनी मशागत, पेरणीची वेळ किंवा पीक यांत बदल केल्याचे आढळले. उरलेल्यांना कोणी अडाणी म्हणू नये. आपला तिसरा शेतकरी त्यांच्यातही असणारच.

आता एक काम तुम्ही करा. सरळ भिंतीचा, वर-खाली सारख्याच रुंदीचा डबा शाळेच्या मैदानावर, झाडा-भिंतींपासून दूर ठेवा. रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने आतले पाणी मिलिमीटरमध्ये मोजा आणि डबा रिकामा करा. वहीत एका रकान्यात आदल्या दिवशीच्या संदेशातले शब्द, दुसऱ्यात डब्यातले पाणी. पावसाळा संपल्यावर "तुरळक ठिकाणी" असे लिहिलेले दिवस वेगळे काढा. त्यांपैकी किती दिवस डबा भिजला? मग ती वही गावातल्या एखाद्या शेतकऱ्याला दाखवा, आणि तो पहिला प्रश्न कोणता विचारतो ते मला जरूर कळवा.