लाल पायमोजे आणि नवरदेव

बेसबॉल हा अमेरिकेचा लाडका खेळ. आपल्याकडे क्रिकेटला पूर्वी चेंडूफळी म्हणत. बेसबॉल हीही एक प्रकारची चेंडूफळीच होय. मात्र तिच्यातील फळी गोल दांड्यासारखी असते आणि एक धाव पुरी करण्यासाठी खेळाडूला चौकोनाचे चारही कोपरे गाठावे लागतात. १८४५ साली न्यूयॉर्कमधील निकरबॉकर नावाच्या मंडळाने या खेळाचे नियम लिहून काढले. मंडळाचे सभासद सुखवस्तू गृहस्थ होते. दिवसाचे काम आटोपले, की मोकळ्या हवेत चार घटका मौज करावी, एवढाच त्यांचा हेतू असे. खेळून पैसे मिळवणे त्यांना कमीपणाचे वाटे.

पुढे हा संकोच ओसरला. १८६९ साली सिनसिनाटी शहरातील मंडळाने आपल्या सर्व खेळाडूंना उघडपणे पगार देण्यास प्रारंभ केला. संघाचा नायक होता हॅरी राइट. तो मूळचा इंग्लंडमधील शेफील्ड गावचा. त्याचे वडील क्रिकेट खेळून चरितार्थ चालवीत. त्या काळी बेसबॉल खेळणारे लोक पायघोळ विजारी घालीत. राइटच्या गड्यांनी मात्र गुडघ्यापर्यंतच्या विजारी आणि त्यांखाली तांबडेभडक पायमोजे घातले. हा पोशाख लोकांच्या डोळ्यांत भरला आणि संघाला ‘रेड स्टॉकिंग्ज’ म्हणजे ‘लाल पायमोजे’ हे नाव पडले. त्या वर्षी या संघाने एकही सामना गमावला नाही. १४ जून १८७० रोजी ब्रुकलिनच्या ॲटलांटिक संघाने त्याला एका धावेने हरवले, तेव्हा कोठे ही विजययात्रा थांबली. मग लोकांचा उत्साह मावळला, तिजोरीला ओहोटी लागली आणि मंडळाने पगारी खेळाडू ठेवणे बंद केले. राइट काही गडी घेऊन बॉस्टनला गेला. जाताना त्याने पायमोजे नेले आणि नावही नेले! १८७१ साली पगारी खेळाडूंच्या संघांची पहिली संघटना उभी राहिली, तीत ‘लाल पायमोजे’ हे नाव बॉस्टनच्या संघाचे होते.

लौकरच पायमोज्यांच्या रंगावरून नावे ठेवण्याची चालच पडली. शिकागोचे पांढरे, सेंट लुइसचे तपकिरी, टोलीडोचे निळे! १८७६ साली जुन्या संघटनेच्या जागी ‘नॅशनल लीग’ आली. तिच्या दप्तरी संघाची ओळख बहुधा गावाच्या नावानेच असे. गमतीची नावे ठेवली ती प्रेक्षकांनी आणि वर्तमानपत्रांच्या बातमीदारांनी. मथळ्यात मावेल आणि वाचकाला हसू येईल असे नाव त्यांना हवेच असे.

ब्रुकलिनचेच पाहा. १८८८ च्या सुमारास तेथील काही खेळाडूंची लग्ने लागोपाठ झाली, तेव्हा संघाचे नाव पडले ‘ब्राइडग्रूम्स’, म्हणजे नवरदेव! काही वर्षांनी त्या शहरात घोड्यांच्या ट्रामगाड्या जाऊन विजेच्या आल्या. त्या इतक्या वेगाने धावत, की रस्ता ओलांडणाऱ्यांना जीव मुठीत धरावा लागे. ब्रुकलिनकरांना थट्टेने ‘ट्रॉली डॉजर्स’, म्हणजे ट्रामगाड्यांना हुलकावणी देणारे, असे म्हणत. १८९५ मध्ये हेच नाव संघाला चिकटले. शिकागोला कॅप ॲन्सन हा खेळाडू बावीस वर्षे संघाचा आधारस्तंभ होता. तो गेल्यावर १८९८ साली बातमीदारांनी संघाला ‘अनाथ’ ठरवले. पुढे १९०२ मध्ये तरुण खेळाडूंचा भरणा पाहून एका वर्तमानपत्राने त्याला ‘कब्ज’, म्हणजे बछडे, म्हटले. हे नाव आजही चालू आहे.

पिट्सबर्गची हकीकत निराळी. लुई बिअरबाउअर हा खेळाडू १८९० चा हंगाम संपल्यावर फिलाडेल्फियाच्या आपल्या जुन्या संघाकडे परतावयाचा होता. परंतु त्या संघाने यादीत त्याचे नाव घालण्याचेच विसरले. पिट्सबर्गने ही संधी साधून त्याला करारबद्ध केले. प्रतिपक्षाने ‘ही चाचेगिरी आहे’ असा आक्रोश केला. पिट्सबर्गने ती शिवी मुकाट्याने पदरात घेतली आणि ‘पायरेट्स’, म्हणजे चाचे, हेच नाव मिरवले. शिवीचा याहून चांगला उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

एक नाव मात्र ऐकून हसू येत नाही. १८८५ साली न्यूयॉर्कजवळील बॅबिलन गावात, आर्गाइल हॉटेलात काम करणाऱ्या कृष्णवर्णीय मंडळींचा एक संघ उभा राहिला. पगार घेऊन खेळणारा हा पहिला कृष्णवर्णीय संघ होय. त्याचे नाव झाले ‘क्यूबन जायंट्स’. वास्तविक हे लोक अमेरिकेचेच. क्यूबाशी त्यांचा काय संबंध? पण आपल्याच देशातील काळ्या माणसापेक्षा परदेशी पाहुण्याशी खेळणे गोऱ्यांना कमी खटकत असे. मैदानात हे खेळाडू स्पॅनिश वाटावी अशी काहीतरी बडबड करीत, असेही सांगतात. १८८४ साली टोलीडोच्या ‘निळ्या पायमोज्यां’त मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. त्यानंतर मोठ्या संघटनांची दारे अशा खेळाडूंना बंद झाली. तसा लेखी नियम त्यांच्या पुस्तकात नव्हता. तोंडी समजुतीनेच ते काम भागले, आणि साठांहून अधिक वर्षे भागत राहिले.

१५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला आणि ते दार उघडले. त्याच्या सदऱ्यावर ‘डॉजर्स’ हे ब्रुकलिनचे नाव होते. १९५६ साली ब्रुकलिनमधील ट्रामगाड्या बंद झाल्या. १९५८ साली तो संघही दूर लॉस एंजेलिसला गेला. जाताना नाव तेवढे बरोबर घेऊन गेला.