पुलंची आवड, रसिकांचा ठेवा

१९६१ साली पु. ल. देशपांडे एकटेच रंगमंचावर उभे राहिले आणि अख्खी ‘बटाट्याची चाळ’ बोलू लागली. आवाजाची पट्टी बदलली, मान जरा कलली, की दुसरा बिऱ्हाडकरू हजर!

हसवणारा हा माणूस रसिकही तेवढाच मोठा. आवडलेलं दुसऱ्याला दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ‘गुण गाईन आवडी’त त्यांनी आवडत्या माणसांवर भरभरून लिहिलं. हेमिंग्वेचा म्हातारा कोळी ‘एका कोळियाने’मधून मराठीत आणला. टागोरांच्या ओढीने तर पन्नाशीत बंगाली शिकायला शांतिनिकेतन गाठलं. पत्नी सुनीताबाईंसह त्यांनी बोरकर, मर्ढेकरांच्या कविता सभागृहांत वाचल्या. कविता वाचायची कशी, हे अनेकांना तिथे उमगलं.

त्यांच्या प्रयोगांची ध्वनिमुद्रणं आजही मिळतात. एखाद्या रविवारी घरच्यांना गोळा करून जरूर ऐका.