पोर्टची चावी कोणाकडे?

समजा, लिनक्सच्या लॅपटॉपवर एखादा फुकटचा गेम टाकला. तो कीबोर्डच्या पोर्टवरून थेट तुमचा पासवर्ड वाचेल का? नाही, आणि त्याचं कारण भारी आहे.

इंटेल-एएमडी प्रोसेसरवर 65,536 आय-ओ पोर्ट असतात. प्रत्येकासाठी एक बिट, म्हणजे 8 केबीचा तक्ता. बिट 0 असेल तर जा. 1 असेल तर प्रोसेसर अडवतो आणि कर्नल सहसा तो प्रोग्रामच बंद करतं.

'आयओपर्म' कॉलने हवे तेवढेच पोर्ट मागता येतात, तेही खास अधिकार असेल तरच. 'आयओपीएल' मात्र सगळेच उघडतो. पूर्वी त्यातून इंटरप्टही बंद करता यायचे, म्हणजे अख्खं मशीन हँग! 2020च्या लिनक्स 5.5ने ती मुभा काढली.

चावी द्या, पण एकाच खोलीची!